मासा जगला, एवढ्यावर भागत नाही

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. धनेगावच्या धरणात थांबते, लातूरची तहान भागवते आणि बिदरवरून तेलंगणात उतरते. तिथे संगारेड्डीच्या मुलखात ती मोठं वळण घेऊन उत्तरेकडे तोंड करते, निजामसागरातून बाहेर पडते, देगलूर-बिलोलीच्या शिवेला लागून पुन्हा नांदेड जिल्ह्याकडे येते आणि कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. सव्वासातशे किलोमीटरांचा हा फेरा. लातूरचं पाणी दोन राज्यांत हिंडून नांदेडच्या दाराशी परत येतं, ही गोष्ट आपण शाळेच्या नकाशातही नीट पाहिलेली नसते. या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला मात्र ती पाहावी लागते. माशांच्या जनुकांवरून पाण्याचं प्रदूषण ओळखण्याचा एक ठळक प्रयोग याच नदीच्या खोऱ्यातल्या सांडपाण्यावर झाला आणि त्याची नोंद मराठवाड्यानं फारशी घेतली नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषधांची मूळ रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांची दाट वसाहत आहे. त्यातल्या सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी एका सामुदायिक केंद्रात यायचं, तिथे प्रक्रिया होऊन नक्कावागू ओढ्यात जायचं, आणि हा ओढा मांजरेला मिळतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं ते पाणी तपासलं. २००७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि औषधशास्त्राच्या जगात खळबळ माजली. लिटरभर पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. दिवसभरात त्या एका तोंडातून बाहेर पडणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यांनी ४५ किलो धरलं. तेव्हा नव्वद लाख वस्तीच्या स्वीडन देशाला तेवढं औषध पाच दिवस पुरत होतं. आणि हे सगळं शुद्धीकरण झाल्यावरचं पाणी. पुढे हे सांडपाणी नळातून आंबरपेठच्या केंद्राकडे, म्हणजे मुसी नदीच्या बाजूला वळवण्यात आलं.

प्रतिजैविकांची ती बातमी जगभर गेली. तिच्यामागोमाग, २००९ साली, त्याच गटातल्या लीना गुन्नारसन आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम मात्र तज्ज्ञांपुरतंच राहिलं. त्यांनी ते सांडपाणी पाचशे पट पातळ केलं आणि त्यात रेनबो ट्राउट जातीचे मासे पाच दिवस ठेवले. पाचशे पट, म्हणजे शंभर लिटर स्वच्छ पाण्यात पेलाभर. मासे जगले की मेले एवढ्यावर प्रयोग थांबला नाही. त्यांनी माशांची यकृतं काढली आणि हजारो जनुकांपैकी कोणती जागी झाली, कोणती मंदावली हे एका फटक्यात मोजलं. जनुकांच्या कामाची तऱ्हा बदललेली होती. सीवायपी-१ए नावाचं जनुक आणि त्यापासून बनणारं विकर, दोन्ही चढले होते. रक्तातल्या फॉस्फेटची पातळीही बदलली होती. डोळ्यांना आणि नाकाला काहीच कळणार नाही इतकं पातळ पाणी, पण यकृताला कळलं होतं.

ट्राउट हा थंड पाण्यातला परदेशी मासा. तो ना मांजरेत राहतो, ना गोदावरीत. आपल्या नदीच्या खोऱ्यातलं पाणी, आणि त्याची साक्ष द्यायला मासा दुसऱ्या खंडातला, ही बोच या पुस्तकाच्या मुळाशी आहे. निजामसागरच्या खाली देगलूरच्या शिवेवर पकडलेल्या मरळीला, साईच्या बंधाऱ्यात वाढलेल्या रोहूला, विष्णुपुरीच्या जलाशयातल्या शिंगाळ्याला तुझ्या यकृताला काय कळलं, हा प्रश्न आपण आपल्या प्रयोगशाळेत विचारला पाहिजे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे.

आता विचारायचं म्हणजे काय करायचं, ते थोडं सविस्तर सांगतो.

माशाच्या प्रत्येक पेशीत त्याचा अख्खा जनुकसंच असतो. यकृतात तोच, डोळ्यात तोच. फरक पडतो तो कोणतं जनुक कधी आणि किती चालतं यामुळे. जनुक चालू झालं की त्याची आरएनएमध्ये नक्कल निघते आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन तयार करते. ही नक्कल किती निघाली, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मासा पाण्यातून बाहेर पळू शकत नाही. कल्ल्यांवरून अहोरात्र पाणी वाहतं आणि त्यातलं जे काही विरघळलेलं आहे ते रक्तात जातं, रक्तातून यकृतात. यकृताला त्याची विल्हेवाट लावायची असते, म्हणून ते त्या-त्या कामाची जनुकं चालू करतं. कोणतं जनुक चालू झालं हे पाहिलं तर कोणत्या तऱ्हेचं विष आलं याचा अंदाज बांधता येतो. या खुणेला शास्त्रात बायोमार्कर म्हणतात.

यातली काही जनुकं वाचकांनी नावानिशी ओळखावीत. पहिलं मेटॅलोथायोनिनचं. हे प्रथिन १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडात शोधलं. साठेक अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन, पण त्यातली वीस सिस्टीनची, म्हणजे गंधकाची. कॅडमियम, पारा, तांबं, जस्त असे धातू पेशीत शिरले की गंधक त्यांना धरून ठेवतं. धातू वाढले की मेटॅलोथायोनिनचं जनुक वेग घेतं. दुसरं, वर आलेलं सीवायपी-१ए. जळण्यातून निघणारे बहुचक्री हायड्रोकार्बन, डायॉक्सिन, तेलातले काही घटक पेशीतल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटतात, ते ग्राहक केंद्रकात जातं आणि हे जनुक उघडतं. पुलाखाली ट्रक धुतले जातात, गॅरेजचं काळं तेल नाल्यात जातं, कचऱ्याचे ढीग काठावरच पेटतात. नांदेडात राहणाऱ्याला सीवायपी-१ए कशाला प्रतिसाद देत असेल हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं जनुक व्हिटेलोजेनिनचं, आणि याच्यापाशी मला जरा जास्त थांबायचं आहे. व्हिटेलोजेनिन म्हणजे अंड्यातल्या बलकाचं कच्चं प्रथिन. मादीच्या यकृतात ते स्त्रीसंप्रेरकाच्या आदेशानं बनतं आणि रक्तातून अंडाशयात जातं. नराच्या यकृतातही हे जनुक असतं, पण त्याला आदेश मिळत नाही म्हणून ते निजलेलं असतं. नराच्या अंगात ते जागं झालं, तर पाण्यात कुठून तरी स्त्रीसंप्रेरक किंवा त्याची नक्कल करणारं रसायन आलं आहे, याला दुसरा अर्थ जवळपास नाही. इंग्लंडमध्ये गळ टाकणाऱ्यांना सांडपाण्याच्या तळ्यांत नर-मादी दोन्हींची लक्षणं असलेले मासे मिळाले. त्यावरून शोध सुरू झाला. जॉन सम्प्टर, पर्डम आणि सहकाऱ्यांनी सांडपाणी केंद्रांच्या तोंडाशी पिंजऱ्यांत ट्राउट ठेवले आणि त्यांच्या रक्तात व्हिटेलोजेनिन बेसुमार चढलेलं दाखवलं. तो निबंध १९९४चा. त्यानंतर कॅनडात याहून धाडसी प्रयोग झाला. ओंटारियोतल्या प्रायोगिक सरोवरांपैकी २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरन किड यांच्या गटानं २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं. प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले पाच-सहा. फॅटहेड मिनो हा त्या सरोवरातला साधा, चिमुकला मासा. त्याच्या नरांत व्हिटेलोजेनिन हजारो पटींनी वाढलं, मग नरांच्या वृषणांत बिघाड दिसला, आणि मग त्या माशाची वस्तीच जवळपास संपली. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. आधी यकृतातली खूण, मागून वस्तीचा नाश, हा क्रम एका खऱ्या सरोवरात दिसला. बायोमार्करवर विश्वास का ठेवायचा, असं कोणी विचारलं तर मी हेच सरोवर दाखवतो.

चौथं नाव एचएसपी-७०चं, म्हणजे उष्णताघात प्रथिनाचं. १९६२ साली फेरुच्चिओ रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेनं उठलेले फुगवटे दिसले, तिथून याची कहाणी सुरू होते. ताण कसलाही असो, बिघडणारी प्रथिनं सावरायला हे धावून येतं. त्यामुळे ते भित्रं जनुक आहे, कशानंही ओरडतं. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

हे सारं वाचून कोणी म्हणेल, पाणी थेट तपासायचं सोडून माशाच्या पोटात कशाला शिरायचं? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांवरून पाण्याचे नमुने घेतंच. विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सीओडी, कोलिफॉर्म, नायट्रेट यांचे आकडे निघतात. हे आकडे लागतातच, आणि माझ्या मते ते जितके घेतले जातात त्याच्या कितीतरी पट जास्त घेतले गेले पाहिजेत. केंद्रीय मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते. नाशिकच्या सोमेश्वरापासून खाली गोदावरीचा लांबच लांब पट्टा सर्वांत वाईट वर्गात होता. ते कळलं ते या आकड्यांमुळेच. पण बीओडी एवढंच सांगते की पाण्यात कुजणारं द्रव्य किती आहे. कीटकनाशक, संप्रेरक, औषध, जड धातू बीओडीत दिसत नाहीत. ते एकेक करून शोधायचे तर आधी कशाचा शोध घ्यायचा ते माहीत असावं लागतं, यंत्रं महाग असतात, आणि दहा पदार्थ एकत्र मिसळल्यावर सजीवावर काय परिणाम होतो हे कोणतंही यंत्र सांगत नाही. शिवाय नमुना त्या क्षणाचा असतो. सांडपाणी रात्री सुटलं आणि बाटली सकाळी अकराला भरली, तर कागदावर नदी स्वच्छ.

आणखी एक गोष्ट पुष्कळ प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. आपल्या कायद्यानं मासा साक्षीदार म्हणून आधीच मान्य केलेला आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक जैवचाचणी आहे: शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तास थांबायचं, ९० टक्के मासे जगले तर पाणी पास. म्हणजे कायदा माशाला बोलावतो, उभं करतो आणि फक्त मृत्यूचा दाखला मागतो. दाखला नाही, तर तक्रार नाही. चार दिवस जगलेल्या माशाचं यकृत, त्याची अंडी, त्याची पुढची पिढी यांबद्दल एक अक्षर नाही. २६० क्रमांकाच्या सरोवरातलं पाणी या चाचणीत हसतहसत पास झालं असतं. चाचणी संपल्यावर जिवंत राहिलेले मासे टाकून न देता त्यांच्यातल्या मोजक्या नरांचं यकृत काढून चार जनुकं तपासावीत, एवढी एक ओळ नियमांत वाढवता आली तर प्रयोगशाळांचा खर्च थोडा वाढेल आणि माहिती कितीतरी पटींनी वाढेल. टाकी तीच, मासे तेच.

मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना मासा आणि विष हा विषय नवा नाही. टाकीत मासे ठेवायचे, एखादं कीटकनाशक घालायचं, निम्मे मासे किती मात्रेला मरतात ते काढायचं, मग यकृतातलं ग्लायकोजेन आणि प्रथिन किती घटलं ते मोजायचं, हे आमच्या पिढीनं वर्षानुवर्षं केलं. त्यातून मुलांचे हात तयार झाले, हे मी मोलाचं मानतो. पण ते काम टाकीतच राहिलं. एक विष, भरमसाट मात्रा, नळाचं पाणी. नदीत एक विष कधीच नसतं. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की कापूस-सोयाबीनच्या रानातून काळं पाणी ओढ्यांना लागतं. त्यात फवारणीचं औषध असतं, युरिया असतो, माती असते. गाळप हंगामात साखर कारखाने आणि आसवन्यांच्या परिसरात वेगळी परिस्थिती. शहराच्या नाल्यांत वर्षभर मलमूत्र, साबण, औषधांचे अवशेष. या मिश्रणाचा हिशेब मासाच देऊ शकतो, आणि तो नदीतल्याच माशाकडून घ्यावा लागतो.

नदीतून हिशेब घ्यायला निघालं की खरी अडचण कळते. वर दिलेला चारही जनुकांचा पाठ पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेला आहे आणि त्या पुस्तकांतल्या नद्या बारा महिने वाहतात. आपली मांजरा म्हणजे बंधाऱ्यांनी तोडलेली तळ्यांची माळ. साई, नागझरी आणि खालचे बंधारे. पावसाळा सोडला तर पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात जातंच असं नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा नदीच्या डोहांत मासे कशात जगत असतील याचा विचार करा. गोदावरीचीही तीच तऱ्हा. विष्णुपुरीच्या खाली उन्हाळ्यात धरणाचं पाणी सुटत नाही तेव्हा नांदेडच्या घाटांपुढे जे साचलेलं असतं त्यात नदी कमी आणि नाले जास्त असतात. वर जलपर्णीची हिरवी चादर.

अशा डोहात मे महिन्यात मासा पकडला आणि त्याचं एचएसपी-७० चढलेलं निघालं, तर ते प्रदूषणानं की उन्हानं? सावलीत पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि जलपर्णीखाली रात्री त्यातलाही संपतो. प्राणवायूची तूट स्वतःच शेकडो जनुकांची उलथापालथ करते. जून-जुलैत विणीचा हंगाम; तेव्हा मादीचं व्हिटेलोजेनिन निसर्गतःच आभाळाला भिडतं. नर आणि मादी वेगळे न काढता यकृतं एकत्र मिसळली तर निघणारा आकडा कवडीमोलाचा. उपाशी माशाचं यकृत वेगळं बोलतं, जाळ्यात तासभर तडफडलेल्याचं वेगळं. म्हणून या पुस्तकात जनुकांइतकीच जागा तापमान, प्राणवायू, लिंग, लांबी-वजन आणि वेळ यांच्या नोंदींना दिली आहे, ते मला फार आवडलं. प्राथमिक नोंद नाही तिथे बायोमार्कर नाही. किमान एक अख्खं वर्ष, महिन्यागणिक, स्वच्छातल्या स्वच्छ डोहातल्या माशाची सर्वसामान्य पातळी काय असते हे आधी लिहून काढावं लागेल. धनेगाव धरणाचं वरचं पाणी त्याला चालेल असं मला वाटतं. नांदेडला विष्णुपुरी हा शहराच्या वरचा भाग म्हणून घेण्याचा मोह होतो, पण तिथे पोचेपर्यंत गोदावरीनं वरच्या कितीतरी गावांचं सांडपाणी पोटात घेतलेलं असतं. तो वरचा भाग आहे, निर्मळ भाग नव्हे.

मासा कोणता घ्यावा, यावर माझं मत स्पष्ट आहे. रोहू, कटला, मृगळ मुबलक मिळतात, ओळखीचे आहेत, रोहूचा जनुकसंचही वाचून झाला आहे. पण जलाशयांत त्यांचं बीज सोडलेलं असतं. जाळ्यात आलेला रोहू तिथे कधीपासून आहे हे सांगता येत नाही, आणि साक्षीदार मुक्कामाचा असावा. त्यासाठी मरळ बरी. ती आपली जागा सोडून फार भटकत नाही, पिलं राखते, डोह आटला तरी चिखलात तग धरते. कल्ल्यांच्या वर तिला हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय आहे, म्हणून गटाराच्या तोंडाशीही ती जगते. ९६ तासांच्या चाचणीसाठी मरळ निवडली तर जवळपास कोणतंही पाणी पास होईल. आणि नेमकं त्यामुळेच, मेल्याशिवाय काय भोगते हे पाहण्यासाठी तिच्याइतका योग्य मासा नाही. जिथे स्थानिक मासा मिळतच नाही तिथे पिंजऱ्याचा मार्ग आहे: एकाच हॅचरीतली, एकाच वयाची पिलं वरच्या आणि खालच्या ठिकाणी आठ-दहा दिवस ठेवायची. पिंजरा चोरीला जातो, म्हशी पाडतात, पाणी अचानक चढतं. तरी तुलना स्वच्छ होते.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, त्यातली एकच पायरी जवळून दाखवतो, कारण तिथे सगळं बिघडू शकतं. आरएनए नाजूक असतं. ते कापून टाकणारी विकरं आपल्या बोटांवर, घामात, हवेतल्या धुळीत, सगळीकडे असतात. मासा काठावर आला की बर्फाच्या थंडाव्यात आणि भूल देऊन त्याला शांत करायचं, गुदद्वारापासून पुढे कात्री चालवायची, पोट उघडायचं. मरळीचं यकृत खंडांचं, तपकिरी, सलग, चिमट्यात येतं. रोहूचं तसं नाही. त्याचं यकृत आतड्याच्या वेटोळ्यांत गुंतलेलं असतं आणि त्यातच स्वादुपिंडाचे कण विखुरलेले असतात. स्वादुपिंड म्हणजे आरएनए कापणाऱ्या विकराचं भांडार. म्हणून हात संथ चालला की नमुना तिथल्या तिथे सडतो, आणि घाईत हिरवी पित्ताची पिशवी फुटली की पित्त सगळ्यावर पसरतं आणि तो मासा वाया. हरभऱ्याएवढा तुकडा, त्याहून मोठा नको. मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत टिकवणारं द्रावण पोचत नाही. मग द्रावणात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये. द्रवरूप नायट्रोजन म्हटलं की विद्यार्थी घाबरतात, मोठ्या शहराची भाषा करतात. आपल्या तालुक्यांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच नायट्रोजनच्या पात्रात ठेवलेल्या असतात. विचारलं तर मिळतो.

प्रयोगशाळेत त्या आरएनएपासून डीएनए बनवतात आणि हव्या त्या जनुकाचा तुकडा पीसीआरनं वाढवतात. प्रत्येक आवर्तनात दुप्पट. पडद्यावर एक रेषा सपाट धावत असते आणि एका आवर्तनाला वर उसळते. नाल्याखालच्या माशाची रेषा वरच्या माशापेक्षा तीन आवर्तनं आधी उसळली, तर मूळ नकला आठ पट होत्या, दोनाचा तिसरा घात. तुलनेसाठी एक न बदलणारं जनुक सोबत मोजतात. इथे पुष्कळ निबंध घसरतात. बीटा-अॅक्टिन स्थिर असतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते डोळे मिटून घेतलं जातं. प्रदूषणानं तेही हलतं. आपल्या माशात, आपल्या पाण्यात कोणतं जनुक खरोखर स्थिर राहतं हे आधी तपासावं लागतं. तसंच प्राइमरचं, म्हणजे हवं ते जनुक पीसीआरला दाखवून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचं. झेब्राफिशचे प्राइमर मागवून मरळीवर चालवण्याची सवय सोडावी लागेल. झेब्राफिश हाही मूळचा भारतीय उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात रोहूबरोबरच त्याचं वर्णन केलं. तो ओरेगॉनच्या प्रयोगशाळेत गेला, जगाचा झाला, २०१३ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याचं भलं झालं. पण तो मरळ नाही.

मर्यादाही मोकळेपणानं सांगायला हव्यात. नक्कल वाढली म्हणजे प्रथिन वाढलंच असं नाही, आणि प्रथिन वाढलं म्हणजे मासा आजारी पडलाच असंही नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांसाठी तर जनुकापेक्षा मेंदूतल्या अॅसिटिलकोलिनइस्टरेज विकराची क्रिया मोजणं अधिक सरळ आणि स्वस्त. सगळीकडे जनुकांचाच हट्ट धरू नये. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मौन. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या विषारी गाळात राहिलेल्या किलिफिश माशांत सीवायपी-१ए उघडणारी साखळीच बोथट झाली आहे. २०१६ साली त्यांच्या जनुकसंचांतून हे उलगडलं. तिथल्या माशाचं जनुक गप्प असतं, पाणी विषारी असूनही. पन्नास वर्षं एकाच नाल्याच्या तोंडाशी वाढलेल्या आपल्या मरळीचं मौन वाचताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. तिच्या शेजारी स्वच्छ पाण्यातली पिलं पिंजऱ्यात ठेवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

हे काम एका विभागाचं नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ विष्णुपुरीलाच आहे, गोदावरीच्या काठी. त्याचं उपकेंद्र लातूरला, मांजरेच्या खोऱ्यात. दोन नद्या आणि एक विद्यापीठ असा योग फार थोड्या ठिकाणी असेल. उदगीर, देगलूर, बिलोली, निलंगा इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी आपापल्या डोहावरून महिन्याला नमुने आणावेत, पीसीआरचं काम एका ठिकाणी व्हावं, रसायनांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावेत. एकेका पीएचडीच्या तीन वर्षांत बसवलेलं काम पदवी मिळाली की थांबतं. नदीला दहा वर्षांची नोंद लागते.

आणि मासे पकडणार कोण? नांदेड-लातूरच्या जलाशयांवर ज्या भोई कुटुंबांचा आणि मच्छीमार संस्थांचा संसार चालतो, तेच. कोणत्या महिन्यात कोणत्या डोहातल्या माशाला रॉकेलचा वास येतो, कुठली वाम अलीकडे दिसत नाही, कोणत्या नाल्याखाली जाळं काळं होतं, हे त्यांना कोणत्याही यंत्राआधी कळतं. नमुन्यांचे मासे त्यांच्याकडून बाजारभावानं विकत घ्यावेत आणि त्यांचं सांगणं वहीत तारखेनिशी उतरवून घ्यावं. निकालाची भीतीही त्यांनाच सर्वांत जास्त आहे. गोदावरीच्या माशात विष, अशी बातमी एकदा छापून आली की दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांची टोपली तशीच राहते, आणि ज्याच्या नळातून ते विष आलं त्याचं काहीच बिघडत नाही. जनुकाची खूण म्हणजे मासा खाण्याजोगा नाही असा निकाल नव्हे; त्यासाठी मांसातल्या अवशेषांची वेगळी तपासणी असते. हा फरक वार्ताहराला समजावायच्या आधी तो मच्छीमार संस्थेच्या बैठकीत, त्यांच्या बोलीत, आकडे समोर ठेवून समजावला पाहिजे. निकालाची पहिली प्रत त्यांच्या हातात, दुसरी महापालिका आणि मंडळाच्या टेबलावर, आणि मगच तिसरी निबंधासाठी, असा क्रम ठरवूनच पहिलं जाळं टाकावं.